वरात जेवून राहिली

तायडे काका रांगेत उभे राहिले की त्यांच्या समोर साडेतीन फूट जागा रिकामी असते. रांग बँकेची असो, रेशनची असो की लग्नातल्या बुफेची. पुढच्या माणसाच्या आणि त्यांच्या मध्ये एक सायकल आडवी मावेल एवढं अंतर ते राखतातच. हल्लीच्या दिवसांत रांगेतली अशी जागा कोणी वाया जाऊ देत नाही. "काका, तुमी लाइनीतच हा ना?" असं विचारून कोणीतरी मध्ये घुसतो. काका म्हणतात, "हाव, लाइनीतच हावो. पन समोरचं मोकयं राहू द्या." आणि नव्या माणसापासून पुन्हा साडेतीन फूट मागे सरकतात. त्यांच्यामागची अख्खी रांग कुरकुरत मागे सरकते. गेल्या निवडणुकीत ते सकाळी सातला मतदानाला गेले आणि त्यांच्या बोटाला शाई लागली साडेअकराला. मतदान आमच्या गल्लीतल्याच शाळेत होतं.

लोकांना वाटतं, हे खूळ करोनाच्या दिवसांत लागलेलं. तसं नाही. काका बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवायचे. ट्रॉम्बोन म्हणजे ते लांबोडकं पितळी वाद्य, ज्याची नळी हाताने पुढे ढकलायची आणि मागे ओढायची असते. नळी पूर्ण पुढे गेली की समोरच्याच्या पाठीत बसते, म्हणून ट्रॉम्बोनवाल्याला अगदी पहिल्या ओळीत उभं करतात. तरुणपणी एकदा काका चुकून दुसऱ्या ओळीत राहिले, नवरदेवाचे मामा नाचत नाचत उलटे आले, आणि नळीने मामांचा फेटा उडाला. मामा रुसून रस्त्यातच बसले. मुहूर्त टळला तरी मामा उठले नाहीत. "थ्या दिवसापासून सोताले शिस्त लावून घेतली," असं काका सांगतात. पुढे बँड सुटला, शिस्त राहिली.

अमरावतीत आमची आणि त्यांची भिंत एक. काका सरकारी ऑफिसात कारकून होते आणि लग्नसराईत रजा टाकून बँडमध्ये जात. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या मिरवणुकीत मात्र रजा-बिजा नाही. त्या दिवशी साहेबच त्यांना शोधत यायचे. मी कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवतो. लहानपणी दोन वर्षं तबला शिकलो होतो, त्यामुळे आपल्याला संगीतातलं कळतं असा माझा समज आहे आणि तो मी चारचौघांत बोलूनही दाखवतो. पुढचं सगळं त्यातूनच उपटलं.

घरी वाजवलं की शेजारी तक्रार करत, म्हणून काका सासुरवाडीला हिवरखेडला गेले की मेव्हण्याच्या शेतातल्या कोरड्या विहिरीत उतरून रियाज करायचे. विहिरीत आवाज भरून येतो, असं त्यांचं म्हणणं. पहिल्याच दिवशी निंदायला आलेल्या बायांनी तो भरून आलेला आवाज ऐकला आणि कोणाचा तरी रेडा विहिरीत पडला म्हणून गावात निरोप धाडला. वीस-पंचवीस माणसं दोर घेऊन धावली. वरून कोणीतरी विचारलं, "कोन हाय?" खालून उत्तर आलं, "जवाई." जावई विहिरीत म्हटल्यावर प्रकरण गंभीर झालं. घाईघाईने दोर सोडला. काकांनी आधी दोराला ट्रॉम्बोन बांधून वर पाठवला. अंधारातून पिवळंधमक काहीतरी वर येताना पाहून निम्म्या लोकांना गुप्तधनच निघालं असं वाटलं. काका स्वतः वर आले तेव्हा त्यांच्याकडे बघायला मेव्हण्याशिवाय कोणी उरलं नव्हतं.

निवृत्त झाल्यावर लोक फिरायला जातात, नाहीतर घरावर मजला चढवतात. काकांनी सीडी काढली. काका ट्रॉम्बोनवर, अकोल्याचे युसूफभाई क्लॅरिनेटवर, आणि बँडमधलेच आणखी दोघे, एक ऑर्गनवर, एक साइडड्रमवर. चौघांनी अकोल्याच्या एका स्टुडिओत जाऊन दोन दिवसांत सात तुकडे वाजवले. स्टुडिओ भजनांचा. गायक नाही, ओळखीचं एकही गाणं नाही, हे पाहून तिथला माणूस सारखा विचारत होता की म्हणणारा कधी येणार. शेवटी त्याने पाठ थोपटून सांगितलं, "म्युझिक मस्त झालं काका, आता गाणं भरून घ्या."

सीडीचं नाव ठेवलं 'वरात जेवून राहिली'. मी विचारलं, हे काय नाव? तेव्हा काकांनी जे सांगितलं ते मला अजून पाठ आहे. वरात मांडवाशी पोचली की वऱ्हाडी आत जेवायला जातात. बँडवाल्यांची पंगत सगळ्यांच्या शेवटी. मधला तास-दीड तास बाहेर रस्त्याच्या कडेला बसून काढायचा.

"मंग आमी चौघं आपसात वाजवत बसू," काका म्हणाले. "तवा कोनी नाचून नाही राहिलं, कोनी फर्माइश नाही करून राहिलं. युसूफनं काही म्हटलं का मी त्याले जवाब देवो. मी काही म्हटलं का थो देये. जेवाले बलावलं का बंद. पस्तीस वर्षं वाजवलं बावा असं, कोनी आयकलंच नाही. सगये जेवून राहिले होते."

हे जे वाजवलं त्याला काही नाव असतं, हे काकांना माहीतच नव्हतं. दिवाळीला माझा पुण्याचा मेव्हणा आला होता. काकांच्या खिडकीतून येणारा आवाज त्याने दोन मिनिटं ऐकला आणि चहाचा कप खाली ठेवून म्हणाला, हे तर मॉडर्न जॅझ आहे. काकांनी काळजीच्या सुरात विचारलं, "चांगलं असते का थे?" मेव्हण्याने सांगितलं की जगभर लोक तिकीट काढून ऐकतात. पुढचा आठवडाभर काका भेटेल त्याला ही बातमी देत होते. दूधवाल्याला म्हणाले, "मले जॅझ निघालं." दूधवाल्याने विचारलं, "डॉक्टरले दाखवलं का?"

पाचशे सीड्या छापून आल्या त्याच वर्षी लोक सीडीची यंत्रं भंगारात घालायला लागले होते. दुकानदार ठेवून घेईनात. तेव्हा काकांनी ठरवलं की आहेरात द्यायच्या. लग्न, साखरपुडा, बारसं, निरोपसमारंभ, काका रंगीत कागदात गुंडाळलेली सीडी हातात ठेवणार आणि पुढच्या वेळी भेटल्यावर विचारणार, "आयकलं का?"

आता आमच्याकडची आहेराची रीत सांगायला हवी. आमच्याकडे घरोघरी देण्याघेण्याची एक पेटी असते. आलेला ब्लाउजपीस, टॉवेल, टोपी, स्टीलचं वाटगं त्या पेटीत जातं आणि पुढच्या लग्नात बाहेर निघतं. त्या पेटीतला ब्लाउजपीस कधीही शिवला जात नाही, तो फक्त प्रवास करतो. माझ्या बायकोने शेंदूरजनाघाटच्या एका लग्नात दिलेला पोपटी ब्लाउजपीस चार वर्षांनी तिच्याच ओटीत परत आला. कोपऱ्यावरचा हळदीचा डाग तिने ओळखला. काकांची सीडी या फेऱ्यात सापडली. चपटी, हलकी, नासत नाही, कुजत नाही, आणि वरून दिसायला भारी. हिवरखेडच्या बारशातली अचलपूरच्या साखरपुड्याला गेली, तिथली आणखी कुठे. आमची सीडी माझ्या बायकोने तिसऱ्या दिवशीच एका टॉवेल-टोपीसोबत मार्गी लावली. आपल्याकडे वाजवायला यंत्र तरी कुठे आहे, हा तिचा मुद्दा बिनतोड होता.

"आयकलं का?" या प्रश्नाची कॉलनीत दहशत बसली. लोक काकांना पाहून फोन कानाला लावू लागले. बाकीचे खरं सांगून मोकळे व्हायचे, की नाही बावा, सवडच नाही झाली. काका "बरं, आयकजा" म्हणून पुढे जात. मी मात्र संगीतातला जाणकार. मला कसं नाही म्हणता येणार? एका शनिवारी फाटकाशी त्यांनी गाठलंच.

"सर, आयकलं का?"

"ऐकलं ना काका. सुंदर."

"कोनतं आवडलं?"

सातांपैकी एक आकडा सांगायचा होता. "तिसरं," मी म्हणालो, आणि जाणकाराला एवढ्यावर थांबवत नाही म्हणून पुढे जोडलं, "तिसऱ्यात तुमचा ट्रॉम्बोन काय उठतो हो. धरणाचं दार उघडावं तसा."

काका माझ्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "धरनाचं दार. बरं." आणि तेच शब्द पुटपुटत घरात गेले.

मला वाटलं, सुटलो. पण पुढच्या शनिवारी ते पुन्हा फाटकाशी हजर. तिसऱ्यात आणखी काय आवडलं? मी तबल्यातले जुने शब्द झटकून बाहेर काढले. लय, उठाण, ठहराव. त्यानंतरच्या शनिवारी मी ट्रॉम्बोनला संथ वाहणाऱ्या पूर्णेची उपमा दिली. भूगोलाच्या माणसाला नद्यांची काय कमी? वर्धा झाली, तापी झाली, एकदा तर मी वऱ्हाड सोडून थेट ब्रह्मपुत्रेला पोचलो. काका मान डोलावून सगळं ऐकून घ्यायचे, कधी एखादं वाक्य पुन्हा म्हणून घ्यायचे. त्यांनी कधी चूक काढली नाही की वाद घातला नाही. मलाही हळूहळू त्यात मजा यायला लागली. न ऐकलेल्या संगीतावर मी इतकं छान बोलू शकतो, हे मला नव्यानेच कळत होतं. बायको म्हणायची, एक दिवस तोंडावर पडाल.

तो दिवस मला वाटलं काकांच्या घरीच आला. मुलाने वरचा मजला चढवला होता. नव्या मजल्यासाठी बौद्ध रीतीने परित्राणपाठ झाला, जेवणं झाली, आणि संध्याकाळी काका आलेले आहेर उघडू लागले. तीन पुड्यांतून तीन सीड्या निघाल्या. त्यांचीच, 'वरात जेवून राहिली', वरचा पारदर्शक कागदसुद्धा न फाटलेला. मी आधी त्यांत आमची तर नाही ना ते चोरून पाहिलं. नव्हती. काकांनी तिन्ही सीड्या हाताने पुसल्या, एकावर एक ठेवल्या आणि म्हणाले, "पाहा, कुठं कुठं फिरून आल्या. घरोघरी हाय आपली सीडी." त्यांच्या आवाजात राग नव्हता. मला मात्र त्या रात्रीचं जेवण गोड लागलं नाही.

मग एका शनिवारी काकांनी तिसऱ्याबद्दल विचारलंच नाही. म्हणाले, गुडघा धरला आहे, एसटीने जमायचं नाही, उद्या तुमच्या गाडीने अकोल्याला चालता का? ते दर रविवारी अकोल्याला जातात हे मला ठाऊक होतं. मुलगी असेल तिकडे, असं मी परस्पर ठरवून टाकलं होतं.

"कोणाकडे काका?"

"मानूस हाय एक. तुमची लय याद काढते."

सकाळी काका गाडीत बसले तेव्हा त्यांच्या मांडीवर सीडी होती. गाडीत ती घालायची फट शोधून त्यांनी सगळा पुढचा भाग चाचपला. माझ्या गाडीला फक्त पेनड्राइव्हचं भोक आहे, आणि त्या भोकाचे मी मनातल्या मनात आभार मानले. मूर्तिजापूर मागे पडेपर्यंत काका संत्र्यांची पिशवी सांभाळत बसले होते.

अकोल्याच्या एका जुन्या मोहल्ल्यात शिलाईच्या दुकानामागे एक खोली होती. खाटेवर युसूफभाई बसले होते, तेच क्लॅरिनेटवाले. तीन वर्षांपूर्वी लकव्याचा झटका आला आणि उजवा हात गेला. जीभ थोडी जड झाली, पण थांबलेली नव्हती. क्लॅरिनेटची पेटी समोरच्या फळीवर, आणि तिच्यावर धूळ अजिबात नव्हती.

मला पाहून ते खाटेवरून उठायलाच निघाले. "ये तीसरे नंबरवाले सर हैं? आओ सर, आओ. तायडे, तू बोला नहीं, इन्को लेके आ रा."

सुनेने चहा आणला. तिनेही माझ्याकडे आदराने पाहिलं. त्या घरात मी मोठा माणूस होतो, हे माझ्या ध्यानात यायला लागलं आणि हातातला कप जड झाला. युसूफभाई सांगत होते, "सर, इन्सान बजाता है, चले जाता है. कोई सुनके इतना बोलता नहीं. आप बोले ना, तीसरे में क्लॅरिनेट ऐसा उठता है, जैसे धरन का दरवाजा खुल गया. मेरे कू तो रात भर नींद नहीं आई. फिर वो पूर्ना नदीवाला. फिर वो बडी नदी, कौनसी वो आसाम की?"

"ब्रह्मपुत्रा," मी म्हणालो.

"हां. वो क्लॅरिनेट कू बोले आप. मैं बहू कू बोला, लिख के रख."

मी ब्रह्मपुत्रा ट्रॉम्बोनला म्हटली होती. पूर्णा, तापी, धरण, सगळं ट्रॉम्बोनला. मी काकांकडे पाहिलं. काका भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते.

मग युसूफभाई म्हणाले, आज सरांसोबत ऐकू. सुनेने कोपऱ्यातल्या जुन्या यंत्रावर सीडी लावली आणि न विचारता थेट तिसरा नंबर दाबला. आधी साइडड्रम हलकेच, जणू कोणी दुसऱ्या खोलीत वाजवतंय. मग ऑर्गन. मग क्लॅरिनेट आलं. ते धरणासारखं नव्हतं, कुठल्याच नदीसारखं नव्हतं. एक माणूस दिवसभर दुसऱ्यांच्या आनंदात फुंकून फुंकून दमलेला, आता रस्त्याच्या कडेला बसून स्वतःशी काहीतरी बोलतो आहे, आणि त्याला घाई नाही, असं ते होतं. मी ट्रॉम्बोनची वाट पाहत होतो. एक मिनिट गेलं, दोन गेली. ट्रॉम्बोन आलाच नाही.

खाटेवर काका युसूफभाईंच्या अंगाला अंग लावून बसले होते. युसूफभाईंचा निकामी उजवा हात त्यांनी आपल्या मांडीवर घेतला होता. डाव्या हाताची बोटं युसूफभाई सुरांवर आपणच हलवत होते, आणि उजव्या हाताची बोटं काका एकेक करून दाबत होते, सोडत होते. बरोबर दाबत होते की चूक, मला कळलं नाही. दोन वर्षांच्या तबल्याने ते कळण्यासारखं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते चहाच्या वाफेवर ढकललं. चहा केव्हाच थंड झाला होता.

तुकडा संपला. युसूफभाई म्हणाले, "इसमें तायडे चुप है. सीडी इसकी, नाम इसका, और पूरे पाच मिनट चुप. मैं बोला, अबे तू भी बजा. नहीं बजाया."

"मले जेवाले बलावलं होतं," काका म्हणाले.

युसूफभाई हसले. मग त्यांनी दर रविवारचा प्रश्न विचारला असावा, कारण काकांचं उत्तर तयारच होतं. अमरावतीत कशी चालली आहे सीडी? काका म्हणाले, "घरोघरी हाय." खोटं एक अक्षर नव्हतं.

आम्ही परतीच्या वाटेला लागलो. मी म्हणालो, "काका, तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी ऐकलं नव्हतं."

काका खिडकीबाहेर तुरीची शेतं पाहत होते. "सर, पाचशे लोकायले इचारलं म्या. नंबर सांगनारे तुमी एकटे. आन् थो बी युसूफचा निंघाला. मंग मी कायले खरं-खोटं पाहू? आठवडाभर थो खुश राहे." मग म्हणाले, "फक्त ट्रॉम्बोनच्या जागी क्लॅरिनेट म्हना लागे. थे काही कठीन नाही."

मूर्तिजापूरला चहासाठी थांबलो. हॉटेलात गर्दी होती, कूपन घ्यायला रांग. काका रांगेत लागले आणि समोर साडेतीन फूट मोकळे सोडून उभे राहिले. मी गाडीला कुलूप लावून आलो तोवर एक माणूस ती जागा हेरून पुढे सरकत होता. मी जरा घाई केली आणि त्याच्या आधी जाऊन त्या जागेत उभा राहिलो, काकांकडे पाठ करून.

मागून आवाज आला, "सर, आयकलं का?"

"ऐकलं काका."

"कोनतं आवडलं?"

"तिसरं," मी म्हणालो. यावेळी पुढे काही जोडावंसं वाटलं नाही.

रांग हलेना. काका सरकतील या अंदाजाने मागची माणसं एक पाऊल मागे सरकायच्या तयारीत होती. काका जिथे होते तिथेच, माझ्या पाठीशी लागून उभे राहिले.